सत्तावीस नंबरचा अर्ज

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही अपुरा अर्ज पुढे जाऊ दिलेला नाही! आमच्या ऑफिसात छाननीचं टेबल माझं. रक्तगट लिहायचा राहिला, अर्ज परत. फोटो चौकटीच्या बाहेर आला, अर्ज परत. एका गृहस्थांनी ‘लागू नाही’ असं लिहायच्या जागी नुसती आडवी रेघ मारली होती, त्यांनाही मी दोनदा परत पाठवलं. माझ्या टेबलावरून जाताना लोक काहीतरी पुटपुटतात. ते कौतुकच असावं असं मी धरून चालतो.

त्यामुळे ‘पाटी’वरचे प्रतिनिधी निवडायची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी म्हटलं, हे तर आपलंच काम! जबाबदारीने मत कसं द्यायचं ते तीन आठवड्यांत दाखवून देतो! ते तीन आठवडे आता उलटून गेलेत, आणि मी इतका दमलोय की हेसुद्धा आडवा होऊनच लिहितोय.

पाटी म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोक जिथे लिहितात, फोटो टाकतात आणि एकमेकांना शाबासकी देतात, तसलीच ही एक जागा. फक्त ती ब्लॉकचेनवर चालते. म्हणजे तिला मालक नाही. सगळ्यांचं लिखाण एका भल्यामोठ्या वहीत चढतं, त्या वहीच्या प्रती वीस प्रतिनिधी आपापल्या कॉम्प्युटरवर राखतात, आणि एकदा चढलेलं अक्षर कुणाच्या बापाला पुसता येत नाही. हे वीसजण आपणच मतं देऊन निवडायचे. उभे असतात बासष्ट, आणि प्रत्येकाला मतं तीस. वीस जागांना तीस मतं का, असं मी पुष्कळांना विचारलं. कुणालाही माहीत नव्हतं.

या पाटीवर आमच्या घरात खरं लिखाण करतात त्या माझ्या सासूबाई. त्या शिवणकामाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर पाच वर्षं खपून त्यांनी कापड बेतायचे तीनशे बारा नमुने पाटीवर चढवले. बाळाच्या झबल्यापासून वाकलेल्या पाठीला बसेल अशा कोटापर्यंत! प्रत्येक नमुन्याचे सात-आठ फोटो. त्यांच्या जुन्या त्रेचाळीस विद्यार्थिनी ते नमुने बघून शिवतात, आणि त्यातल्या निम्म्या जणींचं दुकान त्यावरच चालतं.

तर एके दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतोय, तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

“जावईबापू, गोगलगायवाला पडतोय हो!”

“अरेरे! कुठे पडला?”

“एकविसाव्या नंबरवर!”

मला उलगडा व्हायला अर्धा डबा लागला. पाटीच्या वहीत अक्षरं मावतात, फोटो मावत नाहीत. ते फोटो एका वेगळ्या मशीनवर ठेवलेले असतात, आणि ते मशीन सांभाळणारा एक प्रतिनिधी आहे. नावाच्या जागी गोगलगायीचं चित्र, म्हणून सगळे त्याला गोगलगायवाला म्हणतात. पहिल्या विसांत असलं तरच मानधन बरं मिळतं. त्याने जाहीर केलं होतं की महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजता आपण विसांत नसलो, तर हा खर्च झेपणार नाही, मशीन बंद करणार.

“म्हणजे अक्षरं राहतील आणि चित्रं जातील,” सासूबाई म्हणाल्या. “‘इथून कापा’ असं लिहिलेलं राहील, पण कुठून ते कुणाला कळणार हो? आणि पुन्हा सगळं कापून फोटो काढीन म्हटलं, तर आता माझ्या बोटांत कात्री धरवत नाही.”

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. सासूबाईंना रडताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“पाटीवर एक सोय आहे,” त्या सावरून म्हणाल्या. “बासष्टांतून तीस निवडत बसणं आम्हाला जमत नाही, पण आपली मतं आपण दुसऱ्यावर सोपवू शकतो. मी आणि माझ्या त्रेचाळीसजणी, सगळ्यांची मतं तुमच्यावर सोपवतोय. तुम्ही काटेकोर माणूस. गोगलगायवाल्याला वाचवा!”

चव्वेचाळीसजणींचा विश्वास! माझी छाती शर्टात मावेना. संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं.

“मग द्या ना त्याला मत,” ती म्हणाली. “एका मिनिटाचं काम.”

“असं कसं? आधी माहिती, मग छाननी, मग निर्णय! ओळखीच्या माणसाला डोळे झाकून मत दिलं तर माझ्यात आणि इतरांत फरक काय? तो लायक असेल तर छाननीत आपोआप वर येईल.”

“बरं,” ती म्हणाली.

माझी बायको दातांच्या दवाखान्यात नंबर देते. खरं दुखतंय कुणाला आणि नुसती घाई कुणाला, हे तिला माणूस दारात असतानाच कळतं. तिचं हे ‘बरं’ ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मी प्रश्नावलीच्या विचारात होतो.

प्रश्नावली चौतीस प्रश्नांची झाली. कॉम्प्युटर कोणता, वीज गेली तर सोय काय, आजवर किती वेळा बंद पडला, पडल्यावर लोकांना कळवलं का, वहीत बदल करायचा तर कुणाला विचारता. शिवाय रक्तगट.

“रक्तगट कशाला?” बायकोने विचारलं.

“अर्जात असतो.”

बासष्टांना अर्ज गेले आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. एकाने उलट विचारलं, ‘तुम्ही पोलीस आहात का?’ एकाने चौतीस प्रश्नांना मिळून ‘होय’ असं एकच उत्तर पाठवलं. एकाने स्वतःबरोबर आईचाही रक्तगट कळवला. तिघांनी तर मलाच अर्ज पाठवले, की आम्हाला मत देणारा माणूस कसा आहे ते आम्हालाही कळू दे! मी ते तिन्ही व्यवस्थित भरले. त्यात दोन दिवस गेले. रोज ऑफिसातून आलो की चहा गार होईपर्यंत अर्ज वाचायचे, खुणा करायच्या, त्रुटी कळवायच्या. डोळ्यांना धार लागली, मान अवघडली. दिवसभर छाननी करून घरी परत छाननी करणारा मी जगातला एकटाच माणूस असेन. आणि मंडळी, या कामाची सुट्टी कुणाकडे मागायची?

बायको मधूनमधून विचारायची, “काय ठरलं?”

“गोपनीय आहे.”

असं तिने तीनदा विचारलं, आणि तीनदा मी तिला हेच उत्तर दिलं.

शेवटच्या आठवड्यात मला वाटलं, आपल्या मनात गोगलगायवाल्याबद्दल थोडा ओलावा आहे. हे बरोबर नाही. म्हणून मी सगळे अर्ज छापून ऑफिसात नेले आणि आमच्या शिपाईमामांना सांगितलं, “मामा, प्रत्येक अर्जावरचं नाव झाकेल अशी कागदाची पट्टी चिकटवा आणि वर नुसता नंबर घाला. मला दिसता कामा नये!”

मामांची निवृत्ती चार महिन्यांवर आली आहे. त्यांनी अर्जांचा गठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

“साहेब, नाव न बघता माणूस निवडायचा?”

“निःपक्षपात म्हणतात त्याला.”

“बरं,” मामा म्हणाले आणि डिंक आणायला गेले. हे दुसरं ‘बरं’. तरी मी शुद्धीवर आलो नाही.

शनिवारी गुण देऊन झाले. निम्मे अर्ज सुरेख होते. सत्तावीस नंबरचा अर्ज मात्र बघवत नव्हता. चौतीसच्या चौतीस रकाने कोरे, आणि खाली एक ओळ: ‘हातात काम आहे, जरा थांबा.’ मी शांतपणे त्यावर लाल शाईने लिहिलं, ‘अपूर्ण. अपात्र.’ असल्या माणसाच्या हाती वही द्यायची म्हणजे काय!

रविवारी सकाळी नऊ वाजता मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलो. सासूबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्या समोरच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसल्या. मी पट्टीवरचा नंबर सांगायचो, मग पट्टी कोपऱ्यातून उचलून स्वतःपुरतं नाव बघायचो, आणि मत द्यायचो. तीसच्या तीस दिली! रिकामी जागा सोडणं माझ्या रक्तातच नाही. प्रत्येक मताशेजारी राखाडी खूण उमटली. इतरांची हिरवी असते असं ऐकलं होतं. पण आमच्या ऑफिसात सगळंच आधी प्रलंबित असतं, त्यामुळे मला राखाडी रंग ओळखीचाच वाटला. त्यानंतर मी बत्तीस अपात्र उमेदवारांना पाटीवरच सकारण नकार लिहिले. नंबर घालून पत्र, मग पट्टी काढून नाव. शेवटी उरला सत्तावीस.

पट्टी काढली. खाली गोगलगाय होती!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातात काम आहे म्हणे! अहो, ते काम म्हणजे आमच्याच सासूबाईंचे फोटो सांभाळणं होतं! घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं.

“झालं का हो त्याचं?” सासूबाईंनी विचारलं.

“होतंच आहे!”

मी घाईघाईने एक मत काढून त्याला द्यायला गेलो. पाटीवर पाटी झळकली: ‘तुमच्या खात्याचा आजचा कोटा संपला आहे. कृपया उद्या यावे.’ लहान खात्यांना दिवसाला ठरावीकच कामं करता येतात, आणि मी माझा सगळा कोटा नकारपत्रं लिहिण्यात घालवला होता. उद्या यावे! हे वाक्य मी रोज लोकांना ऐकवतो. ते ऐकताना कसं वाटतं, हे मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मी पुन्हा दाबलं. परत तेच. वायर काढून लावली. उगाच उठलो, उगाच बसलो. बायको दारात उभी राहून टेबलावरच्या लाल शेऱ्याकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने पदराला हात पुसले, मोबाईल उचलला आणि आत निघून गेली. मला वाटलं, हिला माझ्याकडे बघवत नाही.

दहा अठ्ठावन्न. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. आता उठून त्यांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. ‘सासूबाई, अर्ज अपुरा होता.’ हे वाक्य मी नुसतं मनात म्हणून बघितलं आणि मला स्वतःचीच शरम वाटली.

अकरा वाजले. यादी बदलली.

गोगलगायवाला सतराव्या नंबरवर!

“जावईबापू!” सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चेहरा हसत होता. त्रेचाळीसजणींचे फोन सुरू झाले. ‘साहेबांना आमचा नमस्कार सांगा!’ ‘असा जावई मिळायला भाग्य लागतं!’ मी सगळ्यांना “छे, छे, त्यात काय!” म्हणत होतो. त्यात काय, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

फोन थांबल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो.

“हे कसं झालं?”

बायकोने माझंच खातं उघडून दाखवलं. अगदी वर, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘या खात्याची मतं दुसऱ्यावर सोपवलेली आहेत.’ कुणावर, तर हिच्यावर! पाच वर्षांपूर्वी खातं उघडलं तेव्हा मी वैतागून म्हटलं होतं, हे असलं काही मला जमायचं नाही, तुझं तू बघ. आणि एक बटण दाबून टाकलं होतं. पाटीवरचं काही पुसलं जात नाही, माझ्या डोक्यातलं मात्र तेवढंच पुसलं गेलं होतं. माझी मतं आणि माझ्यावर सोपवलेली चव्वेचाळीस, सगळी माझ्या खात्यातून सरळ हिच्याकडे वाहत गेली होती. राखाडी खुणा म्हणजे ‘न मोजलेली मतं’.

“तुला हे तीन आठवडे माहीत होतं?”

“हो. तुम्ही सांगाल त्यांना देणार होते. म्हणून तर विचारत होते, काय ठरलं, काय ठरलं. तुमचं आपलं गोपनीय!”

“मग दिलीस कुणाला?”

“त्याला एकट्याला. गेल्या वर्षी आईचे फोटो दिसेनासे झाले होते, तेव्हा मी त्याला विचारलं. तासाभरात त्याने चूक कबूल केली आणि दुपारपर्यंत दुरुस्त केलं. एवढं पुरे झालं मला.”

“आणि बाकीची एकोणतीस?”

“कोरी ठेवली. ज्यांना मी ओळखत नाही, त्यांना कशाला द्यायची?”

कोरी! माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, एकोणतीस रकाने कोरे! पण वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी पाणी प्यायलो.

दुपारी सासूबाईंनी पिशवीतून एक शर्ट काढला. त्यांच्या एका विद्यार्थिनीने त्यांच्याच नमुन्यावरून माझ्यासाठी शिवला होता. आता मात्र मला राहवेना.

“सासूबाई, हा शर्ट माझा नाही. माझं एकही मत मोजलं गेलं नाही. मी माझी मतं पूर्वीच हिच्यावर सोपवून विसरलो होतो. तुमची सगळी मतं माझ्याकडून हिच्याकडे गेली.”

“हो, माहीत आहे ना,” सासूबाई शर्टाची घडी मोडत म्हणाल्या.

“माहीत आहे?”

“तुमच्या खात्यावर वरच लिहिलंय की! तुम्हाला दिली की ती तिच्याकडे जातात, हे सगळ्याजणींना सांगूनच तर दिली. पण मुलीला सरळ दिली असती, तर जावयाला वाईट वाटलं असतं हो! घाला बघू.”

मी शर्ट घातला. खांद्यात बरोबर बसला. फक्त वरून दुसरं बटण शिवायचं राहिलं होतं. माझ्या लगेच लक्षात आलं, पण मी तिथे हात धरला आणि म्हटलं, “अगदी पूर्ण आहे.”