बराय, येतो मी!

थोरलीच्या लाडक्या कादंबरीत गावात साथ येते आणि शेवटच्या प्रकरणात मास्तर जातात. ते प्रकरण थोरलीने मोठ्याने वाचायचं आणि तिच्या जिवलग मैत्रिणीने, लांबडीने, उशीत तोंड खुपसून रडायचं, हा दर सुट्टीतला शिरस्ता. यंदाही थोरलीने दार लावून घेतलं, घसा खाकरला. धाकटी बहीण आधीच पलंगावर लोळत होती, तिला हाकलायचं तेवढं राहून गेलं.

"मास्तरांनी थरथरता हात उचलला," थोरलीचा आवाज दाटून आला. "क्षीण स्वरात ते म्हणाले, 'बराय, येतो मी.'"

"या," धाकटी म्हणाली. "सावकाश या."

उशीतून फुर्रकन आवाज आला. थोरलीला वाटलं, हुंदका. पण लांबडी चक्क हसत होती!

"अगं, माणूस मरतोय!"

"मग 'येतो' कशाला म्हणतोय?" धाकटी म्हणाली. "खरंच आला म्हणजे? साथ घेऊनच येईल!"

हसून हसून लांबडीचं पोट दुखायला लागलं. पोटात थोरलीच्याही दुखत होतं, पण ते दुखणं वेगळं.

तिने आवाज आणखी खोल नेला. मास्तरांनी बायकोचा निरोप घेतला. पान उलटलं. मग विद्यार्थ्यांचा. पान उलटलं. मग शाळेच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं.

"अगदी आपली मावशी!" धाकटी म्हणाली. "'येते' म्हणायचं आणि उंबऱ्यातच उभं राहायचं. 'आणि हो, सांगायचंच राहिलं...'"

लांबडीने सरकून तिला अर्धी उशी दिली. रडायची उशी! थोरलीने पुस्तक खाडकन मिटलं.

"तिच्याशीच जमतंय ना? मग तिलाच घेऊन बस!"

लांबडी उठली. दारात जाऊन चपला घातल्या. "जाते मी."

लांबडी आजवर कधी 'जाते' म्हणाली नव्हती. थोरली धावत दाराशी आली.

"ए, असं नाही म्हणायचं! 'येते' म्हण!"

"'येते' म्हटलं तर अजून चार पानं थांबावं लागेल."

थोरलीला मुळीच हसायचं नव्हतं. पण आधी नाक फसकन हसलं, मग उरलेली ती.

"बरं बाई, येते," लांबडी म्हणाली. "आणि हो, सांगायचंच राहिलं..."

उंबऱ्यात दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की दिवे लागले तरी चपला पायातच.

"मला पण सांगा ना!" आतून धाकटी ओरडत होती. कोणी ढुंकूनही बघेना. शेवटी ती पाय आपटत म्हणाली, "तुमच्यापेक्षा मास्तर बरे! निदान गेले तरी!"