तात्यासाहेबांचं बिल आणि पुंजारामचा गुडघा

बावीस वर्षं मी पुढाऱ्यांची पत्रं, भाषणं आणि श्रद्धांजल्या लिहितोय. त्यामुळे आमचे खासदार तात्यासाहेब जेव्हा म्हणाले, "बद्रीनाथराव, कार्यअहवाल काढा, तिकिटाचं त्याच्यावरच हाय," तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, तीन दिवसांत देतो. माणूस कितीही रिकामा असो, मी चोवीस पानं भरून दाखवतो!

पहिल्या पानावर जीवनपरिचय. जन्म करमाडजवळचा, शिक्षण बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत. 'शिक्षणाची उपजत ओढ' असं लिहून टाकलं. मग लोकसभेतलं मतदान. पाच वर्षांत जेव्हा जेव्हा बटणं दाबून मतदान झालं, त्यात साहेब चारदाच हजर होते. तीनदा हिरवं दाबलं, एकदा पिवळं, म्हणजे तटस्थ. कारण विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं माईक चालू होईल." मी 'संयमी भूमिका' लिहिलं. पूर्वी असं लिहिताना लाज वाटायची, आता नुसती जांभई येते.

साहेबांच्या नावावर विधेयक मात्र एकच होतं आणि ते माझं होतं.

पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घरात पुंजाराम राहतो. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत आणि गुडघ्याची वाटी झिजलीय. कंपनीची बस त्याला मोठ्या रस्त्यावर सोडायची. तिथून तो भिंतींना हात लावत घरी यायचा. ते बघवेना, म्हणून मी एक खासगी विधेयक लिहिलं, की पाळीच्या बसनं कामगाराला त्याच्या गल्लीत सोडावं. साहेबांनी न वाचता सही केली आणि एका शुक्रवारी ते लोकसभेत मांडलं. अशी शेकडो विधेयकं मांडली जातात आणि तिथंच पडून राहतात, कायदा काही होत नाही. हे मी अहवालात लिहिलं नाही. 'विधेयक सादर' एवढंच ठळक छापलं आणि खाली साहेबांचा हसरा फोटो.

माझी चूक तीच. अहवाल घरोघर वाटला आणि पुंजारामनं तो चष्मा लावून वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस मोठ्या रस्त्यावर थांबली, पण पुंजाराम उतरला नाही. पुस्तिका ड्रायव्हरपुढं धरली.

"गयासभाई, कायदा झालाय. गाडी गल्लीत घ्या."

गयासभाईंनी फोटो पाहिला, पान पाहिलं. "पुंजारामभाऊ, मेरे को ठेकेदार ने इधरच रोकने को बोला."

"ठेकेदार मोठा का खासदार मोठा?"

मागचे तीस जण म्हणाले, मग आम्हीही उतरणार नाय. तासभर बस तिथंच उभी राहिली. दुसऱ्या पाळीचे काही लोक त्याच बसनं जायचे होते, ते राहिले आणि कारखान्यात एक मशीन बंद पडलं. संध्याकाळी पुंजारामला निरोप आला, सोमवारपासून येऊ नका.

तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "बद्रीभाऊ, चार वर्षंच राहिली होती वो. पण कायदा आपल्या बाजूनं हाय ना?"

खरं सांगावं तर त्याचा आधार जातो, न सांगावं तर खोट्या भरवशावर नोकरी जाते. मला स्वतःची मनापासून चीड आली.

सकाळी त्याला घेऊन तात्यासाहेबांकडे गेलो. मी बसचं आणि नोकरीचं सगळं सांगितलं. साहेब अहवाल चाळू लागले.

"हे बिल मी मांडलं?"

"व्हय साहेब. तुमची सही आहे."

"चांगलं बिल हाय की! मग कंपनी पाळत का नाय?"

पाच वर्षं दिल्लीत काढलेल्या माणसालाही वाटत होतं, की मांडलं म्हणजे झालं. आता बोलायची वेळ होती. पुंजाराम गुडघा दाबत खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी गप्प बसलो.

साहेबांनी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. "अहो, माझा कायदा मोडता व्हय? वर माणसालाच काढता?" आवाजात इतका विश्वास होता की काही विचारायची मॅनेजरची हिंमत झाली नाही. सोमवारी पुंजाराम कामावर गेला आणि दुपारी बसनं त्याला दारात सोडलं. त्यानं मला पेढे दिले, साहेबांच्या नावानं. मी मुकाट्यानं खाल्ले.

महिन्याभरानं लोकसभा बरखास्त झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही संपलं. साहेबांना तिकीट मिळालं नाही. हा कायदा कधी नव्हताच, हे सगळ्या शहरात मला एकट्यालाच माहीत आहे. बस मात्र येते.

आणि सकाळीही येते. पावणेसहाला, रोज. गल्ली अरुंद, वळायला जागा नाही, म्हणून गयासभाई गाडी उलटी घेतात, थेट आमच्या खिडकीखाली. गाडी मागं घेतली की वाजणारं भजन तिच्या हॉर्नला बसवलेलं आहे. बायको उशी डोक्यावर घेऊन ओरडते, "कोणत्या मेल्यानं केला हो हा कायदा?"

मी कुशीवर वळतो. "काय माहीत. दिल्लीतली कामं ती."