डबीतली भेसळ

वजनमापं खात्यातल्या निवृत्त निरीक्षकांच्या पोटात जंत निघाले, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची विचारपूस करू लागलं.

संशोधन केंद्रातल्या बाई दर सोमवारी दहाला फोन करत. जंत असताना आणि गेल्यावर आतड्यातल्या जीवाणूंची वस्ती कशी बदलते, तब्येतीवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. "काका, झोप लागली का? जेवण गेलं का?" प्रश्न जेमतेम सात, पण निरीक्षक उत्तरं पाऊण तास पुरवत.

महिन्याने गोळी आली, बाईंनी फोनवरच ती घ्यायला लावली. "जंत पडले की तुम्ही मोकळे, काका!" बाई हसून म्हणाल्या. निरीक्षकांनी मनात हिशेब मांडला. जंत गेले म्हणजे सोमवारही गेला.

जन्मभर दुसऱ्याच्या तराजूतली खोट पकडणारा हा माणूस तपासणीच्या दिवशी शौचाच्या नमुन्याची डबी घेऊन शेजाऱ्यांच्या कुत्र्यामागे बागेत फिरला. कुत्र्याला लाज नव्हती, निरीक्षकांना होती. पण गरजवंताला अक्कल नसते.

केंद्रात खळबळ माजली. जंत होतेच, वर भलत्याच जातीचे! दुसरी डबी मागवली. निरीक्षक पुन्हा बागेत. तिसरी मागवली तेव्हा नेमका कुत्र्याचा कोठा जड झालेला. निरीक्षकांनी त्याला दोन दिवस स्वतःच्या हाताने पपई भरवली. मग थोरल्या डॉक्टरांनी जीवाणू तपासायला घेतले, आणि शुक्रवारीच फोन आला.

"काका, खरं सांगा. डबी कुणाची?"

"माझीच."

"आणि आतलं? डॉक्टर म्हणतात, असले जीवाणू माणसाच्या पोटात राहतच नाहीत."

"शेजारचा कुत्रा," निरीक्षक पुटपुटले.

"अहो, पण का?"

"जंत गेले हे कळलं असतं तर तुम्ही फोन केला नसता ना, ताई."

"काका, खरं काम तर जंत गेल्यावरच सुरू होतं! जीवाणूंची घडी पुन्हा कशी बसते ते बघायला बऱ्या झालेल्यांना आम्ही तीन वर्षं फोन करतो."

"तीन वर्षं? दर सोमवारी?"

"आता नाही ना, काका. खोटा नमुना दिला की नाव काढावं लागतं. नियमच आहे तसा. मी बोलून बघू का डॉक्टरांशी?"

"नको. नियम म्हणजे नियम. मीही कधी कुणाला सोडलं नाही."

बाई आणखी काही विचारायच्या आत निरीक्षकांनी फोन ठेवला. मग बायको गेली तेव्हाही आलं नव्हतं एवढं रडू त्यांना आलं.