लेखी हुकूम

पाईकराव मॅडमनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या संगणकाचा माऊस काढून स्टोअरकीपरला परत दिला आणि त्याची रीतसर पावती घेतली.

आमच्या हिंगोलीच्या दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर बसतो. सेनगाव, वसमत, सिद्धेश्वर इथल्या आमच्या केंद्रांतले संगणक एकाच डेटाबेसला जोडलेले आहेत. ती जोडणी सांभाळणं हे मॅडमचं काम. कोण जोडलंय, कोण उगाच जागा अडवून बसलंय, हे त्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून बघतात.

"हुकूम कसा, लेखी पाहिजे," त्या म्हणतात. "नुसतं बोट दाखवून कोण ऐकतं?"

एंटर दाबण्याआधी त्या ओळ मोठ्यानं वाचतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात. कोणी शिंकलं तर तिसऱ्यांदा. काम झालं की पडद्याला "शाबास" म्हणतात. चूक निघाली तर "बराबर, माझंच चुकलं" म्हणून त्याची माफी मागतात. माणसाची माफी मागताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

एका सोमवारी माझ्यासमोर शंभरेक माणसं उभी आणि पडदा गोठलेला. एक बाई कडेवरचं तापलेलं पोरगं सावरत विचारत होत्या, "दादा, नंबर कवा लागंल?" मी मॅडमकडे धावलो, पोराच्या तापाचंही सांगितलं. माझ्या मागोमाग डॉक्टरसाहेब.

"सगळी सेवा बंद करून चालू करा!" साहेब म्हणाले.

"सगळ्यांला काहून तोडू?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अडवून कोण बसलं ते बघते. तवर तापाचं पोरगं आत घ्या, कागद मागून करू."

डॉक्टरसाहेब त्या बाईंना आत घेऊन गेले.

मॅडमनी यादी मागवली. एका वेळी चाळीसच जण जोडता येतात, आणि चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या. कोणी संगणक उघडा टाकून चहाला गेलेलं, कोणी जेवायला. एकेक ओळ वाचत त्या एकेकाला उठवू लागल्या. सिद्धेश्वरची ओळ आली. वीस मिनिटं हालचाल नाही.

"हे तोडा की," मी म्हणालो.

"न्हाई. नामदेवमामा लिहून राहिले."

सिद्धेश्वरचे कंपाउंडर नामदेवमामा. लकव्यानं उजवा हात गेलेला. डाव्या हाताच्या एका बोटानं फॉर्म भरतात. जोडणी तुटली की भरलेलं सारं पुसलं जायचं. मॅडमनी फोन लावला.

"मामा, कुठवर आलं?"

"पत्त्यावर हाय, मॅडम. गडबड हाय का?"

"न्हाई, न्हाई. सावकाश होऊ द्या."

उगाच अडवलेल्या बाकीच्या अकरा जागा मोकळ्या झाल्या. मी खिडकीवर परतलो, तोवर माझा पडदा हलला होता; रांग सरकू लागली. पुढे कळलं, ठरावीक वेळ गप्प राहिलेली जोडणी आपोआप तुटावी, असा नियम मॅडमनीच घातलाय. त्यातून फक्त सिद्धेश्वर वगळलंय.

मागच्या महिन्यात मामा निवृत्त झाले. सहीसाठी हिंगोलीला आले, तेव्हा सिद्धेश्वर धरणातली मरळ मासळी घेऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले. "माझी लाइन न तोडणाऱ्या मॅडम कोनत्या?"

मी आत सांगायला गेलो. मॅडम पडद्याआड आणखी खाली सरकल्या. "कामात हाय म्हणावं."

पण मामा माझ्या मागूनच आले होते. त्यांनी डाव्या हातानं पिशवी टेबलावर ठेवली.

"तू व्हय? मला वाटलं, कोनी मोठी बाई असंल. खा लेकी, ताजी हाय."

मॅडम उठल्या. आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, डबा उघडला, भाकरीचे तुकडे करून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले. दुपारी आम्ही दोघं मामांना एसटीत बसवून आलो. परतताना चौकात मॅडम म्हणाल्या,

"मामा मला काय म्हणले, ऐकलं का तुमी?"

"लेकी म्हणाले."

"हं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच तसं ऐकू आलं."