उतारावरची कमाई

१८४

"एकशे चौऱ्याऐंशी!" काटेसाहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आणि जायचंय किती? एकशे दहा! पोचून, लग्न लावून, वर चौऱ्याहत्तर खिशात!"

साहेब वजनमाप खात्यात होते. दुकानादुकानांतले तराजू तपासून त्यांना सील ठोकायचं काम, म्हणून नाव पडलं काटेसाहेब. सील लागलेला काटा खोटं बोलत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. नवी इलेक्ट्रिक गाडी देताना शोरूमवालीनं बजावलं होतं, "सर, अजून किती किलोमीटर जाईल हा आकडा नुसता अंदाज असतो हं! गेले काही दिवस तुम्ही जशी चालवली, त्यावरून गाडी ठरवते." अंदाज! हा शब्द साहेबांच्या कानाशी आला आणि घर चुकलेल्या पाहुण्यासारखा परत फिरला.

गेले काही दिवस त्यांनी गाडी चालवली होती ती घर ते ऑफिस, सपाट रस्त्यावर, मुंग्यांना आधी जाऊ देत.

"पूर्ण चार्ज का नाही केलीत?" बायकोनं विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"अगं, ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नसते. पोटाला तडस लागेस्तोवर कोणी जेवतं का?"

"माझ्या बहिणीचं लग्न आहे! आजच्या दिवस जेवू द्यायचं होतं तिला!"

लग्न धाकटीचं. पन्नाशीला टेकल्यावर ठरलेलं. नवरदेव बोटीवर इंजिनिअर, उद्या बोट सुटली की वर्षभर समुद्रात. डोंगरावरच्या गावातलं नोंदणी ऑफिस दुपारी बंद होणार. साक्षीदार हे दोघं. आणि धाकटी हट्टाला पेटलेली: "ताई आली नाही तर मी सही करणार नाही. बोट गेली तर गेली!"

९६

चढ लागला. आकडा असा उतरू लागला, जणू कोणी टाकीला भोक पाडलंय. (टाकी नव्हतीच. तीच तर मजा.)

साहेबांनी एसी बंद केला. रेडिओ बंद केला.

"ती पाण्याची बाटली पिऊन टाक."

"का?"

"वजन कमी होईल!"

"अहो, प्यायले तरी ते गाडीतच राहणार ना!"

वजनमाप खात्यानं नजर पुन्हा आकड्यावर लावली.

४१

राहिले होते अडतीस. काचेवर धुकं आलं. गाडी इतकी निःशब्द, की ती चालत नव्हतीच, रस्ताच कोणीतरी पायघडीसारखा तिच्याखालून हळूच ओढून घेत होतं. झाडं पाण्यातल्या झाडांसारखी हलली. बायकोची मान कलली. ती झोपली.

४३

काय? त्रेचाळीस?

उतार लागला होता. साहेबांनी पाय उचलला आणि आकडा वर सरकला! गाडी उतरता उतरता आपली आपण चार्ज होत होती. चव्वेचाळीस. शेचाळीस. काही न करता मिळत होतं, झोपेत पिकणाऱ्या शेतासारखं. साहेबांचे डोळे अर्धे मिटले.

फाटा आला. उजवीकडे चढ, नोंदणी ऑफिस. डावीकडे उतार, मऊ, लांबलचक, ढगात शिरणारा.

"थोडं कमावून येऊ," साहेब स्वतःशीच पुटपुटले. आणि डावीकडे वळले.

५९

"अहो," बायको जागी झाली, "डोंगर वर का गेला?"

"तो नाही गेला. आपण खाली आलो. पण आकडा बघ! एकोणसाठ!"

"पाटी कुठली लागली?"

"खालच्या गावाची."

"अहो! जेवढं उतरलो तेवढं परत चढायचंय! माझ्या चौथीच्या मुलांना कळतं हो हे!"

३०. १४. ६.

चढ तोच, पण आता दुप्पट उंच वाटणारा. स्क्रीनवर एक छोटं पिवळं कासव उगवलं.

"हे काय म्हणतंय?"

"ते म्हणतंय, सावकाश."

"आणि याहून सावकाश म्हणजे?"

गाडीनं लगेच करून दाखवलं.

– –

थांबली ती एका पार्लरच्या दारात. आत पार्लरवाली एका बाईचे केस कापत होती. उजवी बाजू झाली होती, डावी अजून कमरेपर्यंत.

"ताई, एक प्लग मिळेल?"

"ड्रायरचा आहे. पण संध्याकाळपर्यंत चहाच्या घोटाएवढं भरेल तुमचं!"

बायकोला रडू फुटलं. बहीण, बोट, सही, सगळं एका दमात बाहेर आलं. पार्लरवालीनं कात्री ठेवली, स्कूटर काढली.

"बसा मागे! मीही साक्षीदार होते, कोणी हवाच असेल तर!"

"आणि माझे केस?" खुर्चीतून आरोळी आली.

"साहेबांना सांगा!" स्कूटर ढगात गेली.

साहेबांनी ड्रायरचा प्लग काढून गाडीचा लावला. आरशात एक बाई, एक साहेब. गाडीच्या पोटात थेंब थेंब वीज पडत होती. खूप वेळानं फोन वाजला.

"झाली हो सही! शिपाई कुलूप घेऊन दारातच उभा होता! तुमच्या जागी पार्लरवाल्या ताई. एप्रनसकट फोटोत आल्यात. आम्ही सगळे तिकडेच येतोय!"

साहेबांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात खुर्चीतल्या बाईनं कात्री त्यांच्यापुढे धरली. "तुमच्यापायी गेली ती. निदान दोन्ही बाजू सारख्या तरी करा."

सारख्या! हे तर रोजचंच काम! साहेबांनी डावी बाजू कापली. जरा जास्त गेली. म्हणून उजवी कापली. ती थोडी हलकी झाली. म्हणून डावी. एक डोळा मिटून, श्वास रोखून, पारडं जुळवावं तसं. केस जमिनीवर ढगांसारखे साचत गेले.

"जमतंय ना?" बाईनं डोळे मिटूनच विचारलं.

"एका केसाचा फरक आहे फक्त."

वऱ्हाड पोचलं तेव्हा दोन्ही बाजू अगदी समान होत्या. दोन्हीकडे सारखंच काही उरलं नव्हतं.

"भावोजी!" धाकटी एवढंच म्हणाली.

नवरदेव उत्साहानं खुर्चीकडे निघाला होता. "उद्या बोटीवर जायचंय, तेव्हा जरा केस..." त्यानं बाईंकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातातल्या कात्रीकडे. आणि अर्धी काढलेली टोपी दोन्ही हातांनी पुन्हा कानांपर्यंत खाली ओढली.