दोन उचक्यांचं वजन

'पापणीच्या दारा घाल बाळा कडी,
झोपेच्या काठाला लागू दे होडी...'

आईचा हा आवाज दशांशरावांच्या कानात साठ वर्षं मुक्कामाला होता. पायांवर झुलवत आई गायची आणि 'होडी'पाशी सूर लांबवून हलकेच खाली ठेवायची, काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी तसा. आता आई नव्हती. तिच्या म्हातारपणी भरलेली एक कॅसेट होती, मऊ फडक्यात गुंडाळलेली. झिजू नये म्हणून दशांशराव ती वर्षातून एकदाच लावायचे आणि लावली की त्या दिवशी कोणाशी भांडायचे नाहीत.

दशांशराव हे नाव त्यांना दुकानदारांनी दिलेलं. वजनमापं तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. एखादं वजन केसभर हलकं भरलं, तर दुकानदाराच्या आधी तराजूलाच घाम फुटायचा! निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या दोनशे कॅसेटींकडे वळले.

"सगळ्या कॉम्प्युटरवर घेणार," त्यांनी जाहीर केलं, "आणि कणाचीही घट न होता. सुरुवात आईपासून."

जावई एका स्टुडिओत आवाजाचं काम करायचा. तो म्हणाला, "बाबा, दोन रस्ते आहेत. लॉसलेस म्हणजे टेपवरचं सगळं जसंच्या तसं. फाईल मोठी होते. एमपीथ्रीमध्ये कानाला सहसा कळत नाही ते गाळतात, फाईल लहान होते."

"गाळतात? कोणाला विचारून?"

"गणित असतं त्याचं. मोठ्या सुराखाली एखादा बारीक आवाज दबला असेल, तर तो..."

"काटा मारतात असं सरळ सांगा की, जावईबापू."

एवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवऱ्याच्या यंत्रांत तिने जन्मात कधी नाक खुपसलं नव्हतं. आज मात्र ती तिसऱ्यांदा येत होती. "अहो, मी म्हणते, लहानच करा. त्यांचा आवाज आला म्हणजे झालं. बारीकसारीक ऐकून काय करायचंय?"

"अगं, बारीकसारीकातच तर आई आहे! तिचा श्वास मी लाखात ओळखेन. डोळे बांधा माझे आणि दोन्ही फाईली लावा. खरी कोणती ते नाही सांगितलं, तर नाव बदलेन."

रविवारी सकाळी परीक्षा ठरली. लेकीने आपली ओढणी बाबांच्या डोळ्यांवर बांधली. जावयाने स्टुडिओतले कपाटाएवढे स्पीकर आणून लावले. बायको कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली, पण दाणे सालांत आणि सालं दाण्यांत पडत होती.

पहिली फाईल वाजली. "ठीक आहे," दशांशराव म्हणाले.

दुसरी वाजली. 'लागू दे होऽऽडी'च्या लांबलेल्या सुराखाली बारीक आवाज आला. हिक्. हिक्.

"उचके, पाणी पी."

लेकीचं घरातलं नाव उचकी. पाळण्यात होती तेव्हापासून तिला उचक्या लागायच्या, त्याही जोडीने. वयानुसार जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती आता एकतीस वर्षांची होती.

"मी नाही दिली, बाबा."

"जोडीची उचकी या घरात दुसरं कोण देतं? पाणी पी. जावईबापू, पुन्हा लावा."

पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिच्या पोटात तीन पेले पाणी डुचमळत होतं आणि उचकी होती तिथेच होती. शेवटी तिची रवानगी बाल्कनीत झाली आणि दार लावून घेतलं.

हिक्. हिक्.

"आता तरी मी नाही ना?" काचेपलीकडून लेक ओरडली.

जावयाने स्क्रीनकडे बोट दाखवलं, मग समोरच्या माणसाचे डोळे बांधलेले आहेत हे आठवून ते खाली घेतलं. "बाबा, उचकी टेपवरच आहे. लहान फाईलीत गाळली गेली, मोठीत राहिली. तुमच्या जुन्या प्लेअरवर ती कधी ऐकूच आली नसणार."

"म्हणजे ही मोठी. म्हणजे हीच खरी. बघा, आईचा श्वास! सांगितलं नव्हतं?" दशांशरावांनी विजयाने ओढणी ओढून काढली आणि मग त्यांचा हात अर्ध्यावरच थांबला. गाताना आई उचकी कशी देईल? आणि तीही जोडीची? त्यांनी मनातल्या तराजूत एका पारड्यात आईला ठेवलं, दुसऱ्यात उचकीला. काटा काही मध्यावर येईना.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आई गेली तेव्हा ही पोटातसुद्धा नव्हती."

"नव्हती," बायको वाटाण्यांना म्हणाली.

"मग?"

"म्हणून म्हणत होते, लहान करा."

बाल्कनीचं दार उघडून लेक आत आली आणि दारातच उभी राहिली.

"ते मी गायलंय," बायको म्हणाली. "शिकवलं त्यांनीच. ओट्याशी भाजी चिरताना रोज म्हणून घ्यायच्या माझ्याकडून. 'होडी'ला घाई केली की चमच्याने ताटली वाजवायच्या. चाल त्यांची, श्वास कुठे घ्यायचा तेही त्यांचं. गळा तेवढा माझा. ही पाळण्यात होती. उचकी आलेली मला कळली होती, पण पुन्हा गायचं बळ नव्हतं."

दशांशराव खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "आणि आईचं? तिचं कुठे गेलं?"

बायकोने आणखी एक शेंग सोलायला घेतली. तेव्हा पस्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या आवाजात उभी राहिली. "कोणी पुसलं? नाव सांग मला. घरातलं असो की बाहेरचं, मी सोडणार नाही."

"राहू द्या हो. एकतीस वर्षं झाली."

"नाव."

बायकोने वाटाण्यांची वाटी हलकेच खाली ठेवली, सासूबाई 'होडी' ठेवायच्या तशी.

"तुम्ही," ती म्हणाली. "बढतीच्या समारंभाचं भाषण होतं. हाताला लागली ती कॅसेट घालून आवाज भरत सराव केलात, दोन्ही बाजूंनी. कळलं असतं तर तुम्ही पुन्हा उभे राहिला नसतात, म्हणून तुम्ही ऑफिसला गेल्यावर मी त्यावर गायले. पुसण्याआधी भाषण मात्र पूर्ण ऐकलं मी. 'कणाचीही घट होऊ देणार नाही' असं त्यात चौदा वेळा म्हणाला होतात."