वरून सिग्नल न्हाई

कम्प्युटरमधलं मला सगळं कळतं. हे मी त्या दिवशी सकाळी आठ वाजता सासूबाईंना सांगितलं, साडेआठला शाळेला निघालेल्या नवऱ्याला सांगितलं आणि नऊ वाजता स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन स्वतःला सांगितलं. तिघांपैकी विश्वास फक्त माझाच बसला!

चौसाळ्यात हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दहावा, कुणाचं काहीही असो, बॅनर माझ्याच मशीनमधून निघतं. माणूस जन्मल्याची नोंद ग्रामपंचायतीत होते, पण तो मोठा झाल्याची नोंद माझ्याकडे!

त्या दिवशी मोहनराव आबांचा वाढदिवस होता. आबा म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य. बॅनर वीस बाय दहाचं. मधोमध गॉगल घातलेले आबा आणि खाली शुभेच्छुक. किती? बेचाळीस! एकेकाचा फोटो टाकला की माझा जुना कम्प्युटर चढावरच्या उसाच्या ट्रॅक्टरसारखा धापा टाकत उभा राहायचा. तरी रेटून रेटून डिझाइन पूर्ण केलं होतं. आता नुसतं प्रिंटला सोडायचं होतं. संध्याकाळी पाचला फाट्यावर सत्कार, त्याआधी बॅनर उभं पाहिजे.

शहाण्या बाईनं आधी प्रिंट काढलं असतं. पण नेमकं सकाळीच पार्सल आलं. नवी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड!

"हे काय हाय?" सासूबाईंनी विचारलं. आमच्या सासूबाई दगडाबाई. दुकानाच्या मागं त्यांच्या अकरा शेळ्या असतात आणि दुकानात त्या स्वतः.

"आई, रॅम म्हणजे कम्प्युटरची ओसरी. जेवढी मोठी तेवढी माणसं बसतात. आणि हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं काढायला ठेवलेला वेगळा गडी."

"आधीचा गडी कुठं गेला?"

"तो आहे की आतच. पण आता तो काम करणार नाही, नवा करणार."

"मंग भांडणं व्हतेल," सासूबाई म्हणाल्या आणि शेळ्यांना पाला टाकायला गेल्या.

व्हिडिओत तो माणूस सांगत होता, 'बस, पाच मिनिटांचं काम!' मला चाळीस लागली, पण झालं. सीपीयूचं झाकण बसवलं, मागच्या सगळ्या वायरी जिथल्या तिथं लावल्या आणि ऐटीत बटण दाबलं. लाइट लागला! पंखा फिरला! नव्या कार्डाचे दोन्ही पंखे तर भिंगरीसारखे फिरले!

स्क्रीन मात्र काळी कुळकुळीत. त्या काळ्यावर एक पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती: नो सिग्नल.

बंद केला, चालू केला. नो सिग्नल. रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत लावली. नो सिग्नल!

"काय म्हणतंय त्ये?" सासूबाई परत आल्या होत्या.

"सिग्नल नाही म्हणतंय."

"मंग माळवदावर न्ये की! शेजारच्या म्हाळूचा फोनबी घरात लागत न्हाई, माळवदावर गेलं की खणखणीत लागतो."

मी बीडला प्रविणभाऊला फोन लावला. हा आमचा कम्प्युटर दुरुस्तीवाला. माणूस शांत, पण बोलायला सुरुवात करतो फार सावकाश.

"ताई, पयल्यांदा मागची वायर..."

"वायरी सगळ्या बघितल्यात, प्रविणभाऊ! मी काय नवीन आहे का? पुढचं बोला."

"बरं. आतून बीप वाजतंय का? किती वाजतंय ते मोजा."

मी कान सीपीयूला लावला. आणि खरंच वाजत होतं! "एक, दोन, तीन... सात... अकरा... चौदा..."

"चौदा? ताई, चौदा बीपचा फॉल्ट जगात न्हाई!"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हां, येऊ दे, येऊ दे, बास!" आणि बीप थांबला. दुकानासमोर सिमेंटचा ट्रक रिव्हर्स येत होता.

साडेअकराला राधाकिशनचा फोन. राधाकिशन म्हणजे आबांचा उजवा हात. बॅनरवर पहिल्या रांगेत पहिला फोटो त्याचाच.

"वयनी, निघालं का बॅनर?"

"नाही ना हो भाऊ. अडकलंय. सिग्नलच नाही म्हणतंय."

"सिग्नल न्हाई?"

"नाही ना! सकाळपासून तेच. मी काय करू सांगा, माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

"आलं ध्येनात," राधाकिशन थंडपणे म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं, किती समजूतदार माणूस! इकडं त्यानं जाऊन आबांना जे सांगितलं ते मला नंतर कळलं. तो म्हणाला होता, "आबा, घात झाला. बॅनर अडवलंय. वयनी म्हणती, वरून सिग्नल न्हाई. तिच्या हातात काईच न्हाई म्हणती!"

आता वर कोण, हे चौसाळ्यात कुणाला सांगायला लागत नाही. आबांच्या वर बसायला टपलेला माणूस एकच: बिभीषण तात्या. परवाच तात्या सोसायटीचे चेअरमन झाले होते आणि त्यांचं अभिनंदनाचं बॅनर फाट्यावर उभं होतं. ते छापलं होतं कुणी? मीच!

पावणेबाराला आबांचा स्वतःचा फोन.

"काय वयनी, आमचं काय चुकलं?"

"अहो आबा, तुमचं काहीच नाही. नवीन माणसाचं आणि जुन्या माणसाचं जमत नाहीये बहुतेक." मला म्हणायचं होतं नव्या कार्डाचं आणि जुन्या मशीनचं. पण सासूबाईंचं ते गड्यांच्या भांडणाचं डोक्यात बसलं होतं!

"नवीन माणूस?" आबांचा आवाज चढला. "कावून? पाच सालं मेंबर व्हतो मी! त्या नव्यानं सांगितलं आन् तुमी बंद केलं?"

"बंद मी नाही केलं, आपोआप बंद पडलं!"

"आपोआप काई बंद पडत नसतंय. येतो मी!"

मी घाबरून परत प्रविणला फोन लावला. "भाऊ, लवकर सांगा, लोक यायलेत!"

"ताई, मी तेच म्हणतो, ती मॉनिटरची वायर..."

"वायर नवी आहे हो! दिवाळीत घेतलीय! दुसरं काहीतरी सांगा!"

"बरं, मंग सेल काढून लावा." तो बिचारा निमूटपणे पुढच्या उपायावर गेला. मी मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढला, तो उडून टेबलाखाली गेला. मी टेबलाखाली, सासूबाई टेबलाखाली, आणि पाल्याच्या आशेनं एक शेळीही टेबलाखाली! सेल शेळीच्या खुरापाशी सापडला म्हणून बरं. ती वास घेतच होती.

मी केसांत जळमटं, हातात सेल अशी बाहेर आले तर दुकानासमोर जीप. आबा, राधाकिशन आणि बेचाळिसांतले तीसेक चेहरे तरी प्रत्यक्ष हजर!

"दाखवा," आबा म्हणाले. "आमाला बी बघू द्या कसला सिग्नल न्हाई."

मी घाईघाईनं सेल बसवला, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीनवर पाटी फिरू लागली.

"बघा आबा! स्वतः बघा!"

राधाकिशन वाकून बघत म्हणाला, "आबा, हे इंग्रजीत लिवलेलं हाय. हे आधीच करून ठेवलेलं असंल. पंखं फिरायलेत, लाइट लागलाय, आन् बंद कसा? हो बाजूला वयनी!" आणि त्यानं कीबोर्डवर दोन्ही हातांनी असा तबला वाजवला की दोन बटणं उडाली. एंटर दाबलं, शिफ्ट दाबलं, दातओठ खाऊन स्पेसबार दाबला. पाटी आपली निवांत फिरतच होती.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या आणल्या. कम्प्युटरवरून सात वेळा उतरवल्या, आणि जाता जाता आबांवरूनही उतरवल्या. "वाढदिवस हाय, नजर लागती," त्या म्हणाल्या. आबा जरा विरघळले. मला वाटलं, निभावलं!

आणि नेमक्या त्याच क्षणी दुकानाबाहेर दुसरी गाडी थांबली. त्यातून उतरले बिभीषण तात्या. हातात पेढ्यांचा बॉक्स!

"वयनी!" तात्या लांबूनच गरजले. "लई उपकार झाले तुमचे! आपलं काम तुमी अगदी येळेवर केलं!"

ते त्यांच्या बॅनरबद्दल बोलत होते हो! परवाच्या! पण ऐकणाऱ्या तीस माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मी हळूच काउंटरच्या मागं सरकले.

"घ्या आबा!" राधाकिशन ओरडला. "आला सिग्नल! पेढे घिऊन आला!"

मग काय विचारता! "आमचं बॅनर अडवतो काय बे!" "कुणी अडवलं बे?" "तुमी सोसायटीबी अशीच घेतली!" हायवेवरून जाणारी एसटी हळू झाली, खिडक्यांतून माणसं बघायला लागली. तात्यांना काय चाललंय ते कळेना, पण भांडण आहे म्हटल्यावर ते मागं कसे राहणार? त्यांनी पेढे सासूबाईंच्या हातात दिले आणि बाह्या सावरल्या.

"थांबा!" मी किंचाळले. "दहा मिनिटं थांबा! मी बीडच्या दुरुस्तीवाल्याला विचारते. तुमच्यासमोर विचारते!"

"स्पीकरवर टाका," राधाकिशन म्हणाला. "सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

"टाकते! मला काय लपवायचंय?"

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काउंटरवर ठेवला. आबा, तात्या, तीस कार्यकर्ते, सासूबाई, सगळे फोनभोवती गोळा झाले. शेळीसुद्धा आली.

"प्रविणभाऊ," मी मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यांना स्पष्ट सांगा. फॉल्ट किती मोठा आहे?"

"ताई," प्रविण म्हणाला, "आता मी बोलू का? मधी बोलू नका."

"बोला."

"नव्या कार्डाला मागं, खालच्या बाजूला वायर लावायला एक भोक हाय. आन् वर जुनं भोक हाय. दोन्ही सेम दिसतेत. तुमची मॉनिटरची वायर कोणत्या भोकात हाय?"

मी सीपीयूच्या मागं डोकं घातलं. वायर वर होती. जिथली तिथं, जुन्या भोकात, जिथं सहा वर्षं मी मॉनिटरची वायर लावत आले तिथंच. खाली नव्या कार्डाचं भोक कोरं करकरीत.

"वरच्या," मी पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं, ताई."

"वरच्या!"

"मंग खाली लावा. कम्प्युटर सकाळपासून चालूच हाय तुमचा. मी पयल्यांदा तेच सांगू लागलो व्हतो."

लावली. स्क्रीन लख्ख उजळली! मधोमध एक चौकोन उघडा होता. कम्प्युटर अदबीनं विचारत होता की, आपण शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलंत, आपल्याला काही मदत हवी आहे का?

आधी सासूबाई हसल्या. मग तात्या. मग आबा. आबांना हसू आवरेना तेव्हा तीस कार्यकर्त्यांनाही हसायची परवानगी मिळाली. पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला, आणि भांडण करायला आलेल्या दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांना माझ्या वायरीवरून पेढे भरवले!

मी बॅनरची फाइल उघडली. नवी रॅम, नवं कार्ड! बेचाळीस चेहरे चुटकीसरशी समोर. आणि तिथंच दुसरं संकट सुरू झालं.

"माझा फोटू एवढा बारका कावून?"

"मला दुसऱ्या रांगेत कुणी ढकललं?"

"वयनी, माझ्या मिशा काळ्या करा की जराशा!"

बेचाळिसांतले तीस प्रत्यक्ष डोक्यावर उभे! एक क्षण वाटलं, वायर परत वर लावून टाकावी.

शेवटी आबांनीच सगळ्यांना गप्प केलं. "आरं, बाईवर आपुन खोटा आळ घेतला," ते म्हणाले. "वयनी, आमचं चुकलं. आता एकच करा. तुमचाबी फोटो टाका खाली. शुभेच्छुक म्हणून. गावाला कळू द्या आपल्यात काई न्हाई ते."

"अहो आबा, कशाला..."

"टाका म्हणतो ना!"

त्या घाईत कम्प्युटरमध्ये माझा एकच फोटो सापडला, डी.एड.च्या फॉर्मसाठी काढलेला. दोन वेण्या, घाबरलेले डोळे. टाकला. त्रेचाळिसावा चेहरा! पावणेपाचला बॅनर फाट्यावर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोवर तात्यांचा फोन. आवाज जरा नाराज.

"वयनी, आबाच्या बॅनरवर तुमी बसल्या. आमी काय परके हावोत का? आमचं बॅनर काढा आन् नवं करा. तुमच्या फोटोसहित. आन् आबाच्या बॅनरपेक्षा मोठा फोटो पायजे, सांगून ठेवतो!"

नाही म्हणायची सोय नव्हती. काल भांडण मिटवताना अर्धे पेढे सासूबाईंनीच खाल्ले होते. दुपारपर्यंत तेही बॅनर उभं राहिलं. आता फाट्याच्या या बाजूला मी आबांच्या पार्टीत, त्या बाजूला तात्यांच्या पार्टीत, आणि मधल्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून वळवून दोन वेण्यांच्या या बाईकडं बघतोय.

संध्याकाळी नवरा शाळेतून आला. गाडी स्टँडला लावली, हातपाय धुतले, चहाचे दोन घोट घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तू झेडपीला उभी राहतीयेस हे निदान घरी तरी आधी सांगायचं होतंस. मला शाळेच्या शिपायानं हार घातला."